एल-वनची देशभक्ती

सात तारखेला दुपारी मावशींनी मला त्यांचा फोन दाखवला. स्क्रीनला तडा गेलेला, कव्हरमध्ये घडी करून ठेवलेली पन्नासची नोट. बँकेचा मेसेज आला होता : खात्यात १८,४०५ रुपये जमा. त्याच्या खाली, अकरा मिनिटांनी आलेला दुसरा मेसेज : खात्यातून ५,५०० रुपये वजा.

"दादा, हे वरचे माझे ना? मग खालचे कुणाचे?"

खालचे कुणाचे ते मला माहीत होतं. सुपरवायझरच्या मेव्हण्याचा क्यूआर कोड होता तो. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर, सिगारेटच्या पाकिटांच्या मागे चिकटवलेला. पगाराच्या दिवशी साठ माणसं तिथे रांग लावायची, आणि चहा न घेता पैसे देऊन जायची.

गेट लष्कराचं होतं. पुण्यातल्या एका लष्करी आस्थापनेचं. आत शिरताना डाव्या हाताला तिरंगा, उजव्या हाताला जुना रणगाडा. दोन्ही रोज सकाळी मावशी आणि त्यांच्यासोबतच्या बायका पुसून लख्ख ठेवायच्या.

मी त्या कंत्राटदार कंपनीत 'कंप्लायन्स एक्झिक्युटिव्ह' होतो. पगार २२,००० रुपये. काम काय, तर सगळं नियमानुसार चाललंय असं कागदावर दाखवायचं. हजेरीपट, वेतनपत्रक, पीएफचं चलन, ईएसआयचं चलन, बँकेच्या शिक्क्याची यादी. दर महिन्याला मी हे सगळं एका फायलीत नीट लावून आत द्यायचो. तीन वर्षांत एकदाही फाईल परत आली नाही. मला त्याचा अभिमान होता, हे आज लिहिताना लाज वाटते, पण होता.

हा लेख त्या फायलीबद्दल आहे.

आपल्याला फक्त विमानं दिसतात

संरक्षण खरेदी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राफेल येतं. पाणबुडी येते. टीव्हीवर दोन निवृत्त अधिकारी आणि एक भडकलेला अँकर येतो. किंमत किती, दलाल कोण, तंत्रज्ञान मिळणार की नाही, यावर महिनोन्महिने चर्चा होते. व्हायलाच हवी.

पण ही झाली भांडवली खरेदी. लष्कर रोज जे विकत घेतं, ते महसुली खरेदीत मोडतं. सुटे भाग, दुरुस्ती, शिधा, आणि सेवा. सेवा म्हणजे सफाई, गवत कापणं, मेस चालवणं, पाण्याचे पंप, लिफ्ट, पहारा, हमाली, डेटा एंट्री. त्यासाठी वेगळी नियमपुस्तिका आहे. तिची २००९ची आवृत्ती कित्येक वर्षं चालली, आणि नवी १ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. नव्या पुस्तिकेचा सगळा भर खरेदी झटपट व्हावी, फायली अडकू नयेत यावर. चांगलंच आहे. आमच्या फाईलचा प्रश्न मात्र ती अडकण्याचा कधीच नव्हता. ती फार सहज सरकायची.

विमान चुकीचं घेतलं तर संसदेत आवाज उठतो. झाडू मारणाऱ्या बाईचा पगार चोरला तर लष्कराच्या कुठल्याच कागदावर त्याची नोंद होत नाही. कारण कागदावर ती लष्कराची कोणीच नसते. ती एका 'सेवे'चा भाग असते. निविदेत माणसं नसतात, 'मनुष्यबळ : ६०' असतं.

एक साधं गणित, मोबाइलवरच करून बघा

कॅल्क्युलेटर उघडा. खरंच उघडा.

लष्करी आस्थापना केंद्राच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे किमान वेतनही केंद्राचं. १ ऑक्टोबर २०२४पासून पुण्यासारख्या 'अ' वर्गाच्या शहरात सफाईच्या अकुशल कामाचा दर दिवसाला ७८३ रुपये होता. २६ दिवसांचे २०,३५८. त्यावर मालकाचा पीएफचा वाटा, १५,००० रुपयांच्या मर्यादेवर १३ टक्के धरून १,९५०. ईएसआय ३.२५ टक्के, म्हणजे ६६२. एकूण २२,९७०. बोनस आणि ग्रॅच्युइटी तूर्त बाजूला ठेवू. आमच्या मालकानेही ठेवली होती.

या रकमेत कंत्राटदार फेरफार करू शकत नाही. ती कायद्याने ठरलेली. मग स्पर्धा कशावर होते? सेवाशुल्कावर. सरकारी पोर्टलवर आम्ही भरलेल्या निविदांत त्याची किमान पातळी ३.८५ टक्के होती. सगळ्यात कमी बोली लावणारा तो 'एल-वन', आणि काम एल-वनलाच. त्यामुळे सगळेच ३.८५ टक्के भरायचे. तीस कंपन्या, तीसच्या तीस एल-वन. मग त्यातून पोर्टलच एकाला निवडायचं. एका बाजूला लॉटरी, दुसऱ्या बाजूला सैन्यदल.

आता ३.८५ टक्के म्हणजे किती? २२,९७०वर ८८४ रुपये. एका माणसामागे, महिन्याला.

आमची बिलं साधारण दोन महिन्यांनी निघायची. तोवर पगार आणि पीएफ कंत्राटदाराने खिशातून भरायचा. त्याने ते पैसे वर्षाला १२ टक्क्यांनी उचलले असं धरलं तर दोन महिन्यांचं व्याज ४५९ रुपये. उरले ४२५. माणसं साठ. म्हणजे महिन्याला २५,५००.

त्यातून माझा पगार २२,०००. राहिले साडेतीन हजार. त्या साडेतीन हजारांत सुपरवायझरचा पगार, साठ जणांचे गणवेश, हातमोजे, गमबूट, बँक गॅरंटीचा खर्च, ऑफिसचं भाडं, आणि मालकाची नवी एसयूव्ही.

तुम्हाला बसवता येतंय हे गणित? मालकाला येत होतं. ५,५०० गुणिले ६० म्हणजे ३ लाख ३० हजार. वर्षाला ३९ लाख ६० हजार.

म्हणून मला कोणी सांगितलं की 'अहो, काही कंत्राटदार वाईट असतात, सगळे नसतात', तर मी त्यांच्यापुढे हे गणित ठेवतो. या दरात काम घेणारा माणूस एकतर तोट्यात जाणार, नाहीतर चोरी करणार. प्रामाणिक माणूस अशा निविदेत दोन वर्षं टिकत नाही. चोरी अपघाताने होत नाही, ती बोलीतच धरलेली असते. आणि ती बोली स्वीकारणाऱ्याच्या टेबलावरही कॅल्क्युलेटर असतोच.

पुरावाच चोराच्या कामी आला

१९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यात एक फार शहाणी तरतूद होती. कंत्राटदार पगार वाटेल तेव्हा मुख्य मालकाचा, म्हणजे ज्याच्या आवारात काम चालतं त्याचा, प्रतिनिधी तिथे हजर हवा. त्याने डोळ्यांनी बघायचं आणि सही करायची, की माझ्यासमोर इतके पैसे दिले. आणि कंत्राटदाराने पगार बुडवला किंवा कमी दिला तर उरलेले पैसे मुख्य मालकाने द्यायचे, मग कंत्राटदाराकडून वसूल करायचे. म्हणजे कायद्याच्या लेखी अंतिम जबाबदारी गेटच्या आतल्यांचीच होती.

मग पगार थेट बँकेत जाऊ लागले. मला आठवतंय, आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं की आता चोरी संपली. झालं उलटं. पूर्वी टेबलावर पैसे मोजताना कोणीतरी बघणारं असायचं. आता बँकेची यादी हाच पुरावा झाला. खात्यात पूर्ण पगार पडला, यादीवर शिक्का आला, विषय संपला. गेटबाहेरच्या टपरीवर अकरा मिनिटांनी काय होतं, ते फायलीत येत नाही. आणि कामगाराने तक्रार केली तर आमच्याकडे तिच्याच खात्याचा कागद : बघा साहेब, पूर्ण पगार दिलाय.

हा कागद मी तयार करायचो. एकदा एका तरुण अधिकाऱ्याने मला सरळ विचारलं होतं, "सगळ्यांना पूर्ण पैसे मिळतात ना?" मी म्हणालो, "हो सर, बँक स्टेटमेंट जोडलंय." त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं असावं. त्याची बदली पाच महिन्यांनी झाली. त्याच्या डोक्यावर आणखी चौदा कंत्राटं होती, आणि कंत्राट कसं सांभाळायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. त्याला तुकडी सांभाळायला शिकवलं होतं.

इथे दोष त्या अधिकाऱ्याचा नाही, असं म्हणून मी त्याला सोडत नाही. त्याने एकदा टपरीवर चहा प्यायला यायला हवं होतं. पण आपण कंत्राटांचं व्यवस्थापन ज्याला म्हणतो ते प्रत्यक्षात काय असतं, ते बघा. झाडू मारणारी एक बाई गैरहजर असेल तर बिलातून दंड कापला जायचा. लॉनवर पानं दिसली तर दंड. गणवेश नसेल तर दंड. पगार चोरल्याबद्दल आम्हाला तीन वर्षांत एकही दंड झाला नाही, कारण निविदेच्या अटींत सफाईचं मोजमाप होतं, माणसांचं नव्हतं. गेटच्या आत काय स्वच्छ दिसतं यालाच कामगिरी म्हटलं जात होतं.

हे कुठून आलं?

माझे वडील अशाच एका लष्करी आस्थापनेत पंप ऑपरेटर होते. कायम. त्यांना क्वार्टर होतं, आजारपणाची रजा होती, आता पेन्शन आहे. माझं कॉलेज त्या पंपावर झालं. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी कायम माणूस आला नाही, कंत्राटी आला.

हे चोरून झालेलं नाही, जाहीरपणे झालं. २०१६मध्ये निवृत्त लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सैन्याची लढण्याची ताकद वाढवायची आणि संरक्षणाचा खर्च मार्गी लावायचा, हा तिचा विषय. तिच्या शिफारशींच्या आधारे पुढे अनेक निर्णय झाले. लष्कराची दुग्धशाळा-शेतं बंद झाली. मे २०२०मध्ये, आपण टाळेबंदीत घरात बसलो असताना, मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसमधली मूलभूत आणि औद्योगिक वर्गातली ९,३०४ पदं रद्द करायला मंजुरी मिळाली. ती रिक्त पदं होती. कारण सरळ सांगितलं गेलं : काही काम खात्याची माणसं करतील, बाकीचं बाहेरून करून घेता येईल.

मी या विचाराच्या मुळावर घाव घालत नाही. जवानाने गाई पाळू नयेत, अधिकाऱ्याने बंगल्याच्या बागेची उस्तवार बघू नये, हे मलाही पटतं. शेपूट छोटं करा, दात धारदार करा, असं म्हणतात. करा. पण शेपटीचं काम संपत नाही. नळ गळतातच. संडास तुंबतातच. दारूगोळ्याच्या पेट्या कोणीतरी उचलाव्याच लागतात. पद रद्द झालं तरी काम राहतं. ते काम करायला माणूसही येतो. फक्त आता त्याच्या आजारपणाची, अपघाताची, म्हातारपणाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न कोणीच विचारत नाही. बचत झाली ती तिथे.

पुलगाव

२० नोव्हेंबर २०१८ची सकाळ. वर्धा जिल्ह्यात पुलगावचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. त्याच्या जवळ सोनेगाव आबाजीच्या बाजूला जुना, निकामी दारूगोळा नष्ट करण्याचं मैदान आहे. जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीतून आलेला माल तिथे उतरवला जात होता. सकाळी सातच्या सुमाराला स्फोट झाला. सहा माणसं गेली, आणखी काही जखमी झाली. मेलेल्यांत निर्माणीचा कर्मचारी होता, आणि आसपासच्या गावांतले मजूर होते. कंत्राटी मजूर. पेट्या उतरवायला आलेले.

त्याच भांडारात दोन वर्षांपूर्वी, ३१ मे २०१६ला, भीषण आग लागली होती. तिथे दोन लष्करी अधिकारी आणि आग विझवणारे कर्मचारी गेले. त्यांच्यासाठी देशाने मान खाली घातली, आणि योग्यच केलं. पण २०१८च्या मजुरांसाठी आपल्याकडे शब्दच नव्हता. ते शहीद नव्हते, कर्मचारी नव्हते. बातम्यांमध्ये ते 'मजूर' होते. तो दारूगोळा देशाचा होता, तो नष्ट करणं देशाचं काम होतं, मैदान देशाचं होतं. माणसं तेवढी कंत्राटदाराची.

आता कायदा काय म्हणतो बघा. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. १९७०चा जुना कायदा त्यांतल्या एकीत विरघळला. नवी संहिता म्हणते, आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावता येणार नाहीत. ऐकायला छान. पण मुख्य काम कशाला म्हणायचं नाही, त्याची यादीही दिली आहे, आस्थापना मुळात त्याच कामासाठी उभारली नसेल तर. सफाई, पहारा, उपाहारगृह, बागकाम, वाहतूक. आणि त्याच यादीत : माल चढवणं आणि उतरवणं.

पुलगावच्या त्या मैदानावर मजूर काय करत होते? माल उतरवत होते.

म्हणजे ज्या कामात जीव जातो ते काम 'पूरक', असं म्हणायची पळवाट आता छापील आहे. जुन्या कायद्यात वीस कंत्राटी कामगारांपासून नियम लागू व्हायचे, आता पन्नासपासून. मी त्या धंद्यात तीन वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो : पुढे ४९ माणसांची कंत्राटं दिसली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

आणि हे सफाईवर थांबणार नाही. दारूगोळा कारखान्यांत धोक्याच्या इमारतींत काम करणारा कामगार हा तर कारखान्याचा कणा. २०२१मध्ये आयुध निर्माण्यांच्या सरकारी कंपन्या झाल्या. त्यांतली दारूगोळा बनवणारी म्युनिशन्स इंडिया आपल्या पुण्यातूनच चालते. धोक्याच्या इमारतींतल्या कामासाठी तिच्या निर्माण्यांच्या जाहिराती आता ठरावीक मुदतीच्या करारावर निघतात. माझ्या मोबाइलवर त्या आयटीआयच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर येतात, आणि खाली शंभर जण विचारतात, 'भावा, लिंक टाक ना'. मी त्यांना दोष देत नाही. मीही टाकली असती.

'मग काय, पुन्हा सरकारी बाबू?'

हा प्रश्न मला हमखास विचारतात. खाजगी म्हणजे कार्यक्षम, सरकारी म्हणजे आळशी, हे आपल्या पिढीच्या डोक्यात पक्कं बसलंय. दोन उदाहरणं देतो, दोन्ही श्रीमंत देशांची.

२०१२चं लंडन ऑलिंपिक. सुरक्षारक्षक पुरवण्याचं कंत्राट जी-फोर-एस या बड्या कंपनीला दिलं होतं. स्पर्धा तोंडावर आल्यावर कंपनीने हात वर केले, माणसं भरता आली नाहीत. ब्रिटिश सरकारने साडेतीन हजार जादा सैनिक बोलावले. कंत्राट खाजगी, जबाबदारी शेवटी बंदूकवाल्यांवरच.

दुसरं त्याहून बोलकं. १९९६मध्ये ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने सैनिकांच्या कुटुंबांची घरं अ‍ॅनिंग्टन नावाच्या कंपनीला १.६६ अब्ज पौंडांना विकली, आणि तीच घरं भाड्याने घेतली. जानेवारी २०२५मध्ये त्यांतली ३६,३४७ घरं सरकारने परत विकत घेतली. सुमारे सहा अब्ज पौंडांना. जवळपास तीस वर्षं भाडं भरून वर हे.

अमेरिकेचं सांगायचं तर इराक आणि अफगाणिस्तानातल्या कंत्राटांचा हिशेब लावायला त्यांच्या संसदेने आयोग नेमला. त्याने २०११मध्ये सांगितलं : किमान ३१ अब्ज, कदाचित ६० अब्ज डॉलर उधळपट्टीत आणि घोटाळ्यांत गेले. त्यांनी निदान मोजलं. आपण मोजलेलंही नाही.

दुसरा आक्षेप जास्त भावनिक असतो. 'लष्कराबद्दल असं लिहू नका.' मी लष्कराबद्दलच लिहितोय, कारण मला लष्कराकडून जास्त अपेक्षा आहे. मॉलमधला सफाई कंत्राटदार चोर निघाला तर मला राग येतो. तिरंगा पुसणाऱ्या बाईच्या पगाराला कात्री लागते तेव्हा रागाबरोबर शरमही वाटते. 'सुरक्षेचा प्रश्न' हा शब्द क्षेपणास्त्राच्या पल्ल्यासाठी राखून ठेवा. झाडूवालीचं वेतनपत्रक हे काही लष्करी गुपित नाही.

आणि हजेरीपटावरची आडनावं वाचा. मी तीन वर्षं वाचली. सफाईच्या यादीत कोण असतं आणि ऑफिसच्या डेटा एंट्रीच्या यादीत कोण असतं, हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतला, वडील सुभेदार. छावणीतल्या नोकरीने एका घराला शिक्षण दिलं, आणि त्या घरातला मुलगा पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात देशाचा मजूरमंत्री झाला. आजच्या छावणीत मावशींच्या मुलाला काय मिळतं? पुढच्या कंत्राटातली बदली हजेरी.

चिपळूणच्या छावणीचं पत्र

शिवाजी महाराजांचं एक पत्र शाळेत आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं. भाषणांत त्यातला भाजीच्या देठाचा दाखला तेवढा येतो. पूर्ण पत्र वाचलं की कळतं, ते मुळात रसदीचं पत्र आहे. दाणागवत पावसाळाभर पुरेल असं बेताने वापरा. ते आधीच संपलं तर घोडी मरतील, आणि तुम्ही रयतेच्या दारात जाल. गवताच्या गंजीजवळ आगट्या नकोत, दिवे नकोत, उंदीर पेटती वात ओढून नेईल, आग लागेल.

राजा उंदराचा विचार करतोय. रसद हा त्याच्यासाठी दुय्यम विषय नव्हता, आणि रयतेला त्रास झाला तर दोष कोणाचा, हेही त्याने मोघम ठेवलं नव्हतं. दोष छावणीच्या अधिकाऱ्याचा. मध्ये कोणी कंत्राटदार उभा केला नव्हता, ज्याच्याकडे बोट दाखवून मोकळं होता येईल.

महाराजांचं नाव घेऊन गाड्यांवर स्टिकर लावणाऱ्या आपल्या राज्यात, छावणीच्या गेटवर एवढं तरी मागता यायला हवं.

मग मागायचं काय?

एक. सेवाशुल्कावर लिलाव बंद करा. वेतन, पीएफ, ईएसआय, बोनस, ग्रॅच्युइटी, गणवेश, उशिराच्या बिलाचं व्याज हे सगळं मोजून शुल्क ठरवा, आणि मग गुणवत्तेवर निवडा. मागच्या कंत्राटात कामगारांचे पैसे बुडवले का, हा पहिला निकष ठेवा. अशक्य दर भरणाऱ्याला काम देणं हा काटकसरीचा प्रकार नाही, चोरीला दिलेली मूक परवानगी आहे.

दोन. बँकेच्या यादीवर थांबू नका. महिन्यातून एकदा, सुपरवायझर नसताना, कामगारांशी बोला. निनावी बोलता येईल अशी सोय करा. पगाराच्या दिवशी गेटबाहेरची टपरी बघा. याला एक रुपया लागत नाही.

तीन. कंत्राटदार बदलला तरी माणसं बदलू नयेत, अशी अट निविदेतच घाला. मावशी त्या गेटच्या आत अकरा वर्षं होत्या. त्या काळात पाच कंत्राटदार झाले. प्रत्येक वेळी त्या 'नव्या'. एकाही मालकाकडे पाच वर्षं पूर्ण नाहीत, म्हणून ग्रॅच्युइटी शून्य. झाडू तोच, रणगाडा तोच, आणि नोकरी दर वेळी पहिल्या दिवसाची. सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलं की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाहीत. कंत्राट निव्वळ देखावा असेल तर मात्र ते मुख्य मालकाचेच कामगार ठरतात. पण तो देखावा आहे हे सिद्ध कोणी करायचं? बारा-तेरा हजारांवर घर चालवणाऱ्या बाईने?

चार. स्फोटकांच्या जवळ कोणीही कंत्राटी नको. पेटी उचलणारासुद्धा. कायद्याने मुभा दिली असली तरी लष्कराने ती वापरू नये.

पाच. कंत्राट सांभाळणं हे कौशल्य आहे, ते शिकवा. पाच महिन्यांसाठी आलेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर पंधरावी फाईल म्हणून ते ठेवू नका.

यांतलं काहीही क्रांतिकारक नाही. कायम नोकऱ्या परत आणा, असंसुद्धा मी इथे म्हटलेलं नाही, जरी मला तसं वाटतं.

शेवटी, माझ्याबद्दल

मी काही बंड केलं नाही. निविदेची मुदत संपली, पुढच्या वेळी पोर्टलने दुसऱ्या कंपनीला निवडलं, आमचा मालक वेगळ्या शहरात गेला आणि मी दुसऱ्या नोकरीला लागलो. नवीन कंत्राटदाराच्या माणसाने गेटवर यादी लावली. परत यायचं असेल तर प्रत्येकी १५,००० रुपये. साठातले बावन्न जण आले. आठ जणांकडे पैसे नव्हते.

मावशी त्या आठांतल्या. त्यांनी मला फोन केला होता, "दादा, तुमची ओळख असेल तर सांगा ना कुणाला." माझी ओळख कोणाशीच नव्हती. माझ्याकडे होती ती छत्तीस महिन्यांची फाईल, प्रत्येक पानावर त्यांची सही. त्या सहीच्या वर मी टाईप केलेलं वाक्य असायचं : संपूर्ण वेतन मिळाले, कोणतीही तक्रार नाही.

ती सही त्यांची होती. वाक्य माझं होतं. आज ते मी इथे मागे घेतोय.